मोर्तबाविना सहा मसुदे : पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनांचें परीक्षण

पश्चिम घाटाचा कांहीं प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करण्याकरितां केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयानें २०१४ ते २०२४ या अवधींत एकामागून एक सहा मसुदे राजपत्रांत प्रसिद्ध केले. त्या मसुद्यांचें, आणि त्यांवर घाटांतील राज्यांनीं जे निर्णय घेतले किंवा घेण्याचें टाळलें त्यांचें, परीक्षण येथें करावयाचें योजिलें आहे. जुन्या दप्तरांचा शोध घेणाऱ्या या त्रैमासिकांत चालू शतकांतील राजपत्रांस जागा कशाला, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, कागद कोणत्याही काळाचा असो, त्याची परीक्षा करण्याची रीत एकच आहे. तो कोणीं लिहिला, कोणास लिहिला, मूळ कोणतें व नक्कल कोणती, पाठभेद कोठें पडला, आणि शेवटीं तो अंमलांत आला कीं नाहीं, हे प्रश्न सनदेस जसे विचारावयाचे तसेच अधिसूचनेसही विचारावयाचे. शिवाय ज्या मुलखाविषयीं हे मसुदे आहेत तो सह्याद्रीचा मुलूख आमच्या वाचकांच्या संग्रहांतील बहुसंख्य कागदांचाच मुलूख होय. या मसुद्यांवर आजवर वादविवाद पुष्कळ झाला. परंतु तो बहुधा अनुकूल व प्रतिकूल अशा दोन पक्षांचा झाला. कागद म्हणून ते कोणीं वाचल्याचें फारसें आढळत नाहीं.

१

प्रथम या मसुद्यांची वंशावळ पाहूं. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालीं मार्च २०१० मध्यें एक तज्ज्ञ-समिति नेमली गेली व तिनें ३१ ऑगस्ट २०११ रोजीं आपला अहवाल दिला. घाटाचें क्षेत्र तिनें १,२९,०३७ चौरस किलोमीटर धरिलें, तें सबंध संवेदनशील मानिलें, आणि त्याच्या तीन श्रेणी पाडल्या. तथापि कोणत्या श्रेणींत काय करावें व काय करूं नये याचा शेवट ग्रामसभांशीं विचारविनिमय करूनच व्हावा, असा तिचा आग्रह होता. हा अहवाल लोकांच्या हातीं पडला तो मे २०१२ मध्यें, तोही माहितीच्या अधिकाराखालीं झगडा झाल्यावर. पुढें ऑगस्ट २०१२ मध्यें के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालीं दुसरा कार्यगट नेमण्यांत आला. त्यानें एप्रिल २०१३ मध्यें अहवाल दिला. यांत घाटाचें क्षेत्र १,६४,२८० चौरस किलोमीटर धरिलें आहे. उपग्रहानें घेतलेल्या चित्रांवरून नैसर्गिक प्रदेश व मनुष्यांनीं वसविलेला प्रदेश असे दोन भाग केले, आणि एकंदर क्षेत्राच्या सुमारें ३७ टक्के, म्हणजे ५९,९४० चौरस किलोमीटर, एवढाच भाग संवेदनशील ठरविला.

वर्तमानपत्रांतून या दोन अहवालांतील भेद केवळ आंकड्यांचा म्हणून सांगितला जातो. आमच्या मतें खरा भेद एककाचा आहे. गाडगीळ समितीनें सुमारें नऊ किलोमीटर लांबीरुंदीच्या चौकटी आंखून मोजणी केली व तालुकावार श्रेणी दिल्या. कस्तुरीरंगन गटानें महसुली गांव हें एकक धरिलें, व ज्या गांवाच्या क्षेत्रापैकीं २० टक्के किंवा अधिक भाग नैसर्गिक संवेदनशील ठरला तें सबंध गांव यादींत घातलें. पुढील सर्व मसुदे या दुसऱ्या शाखेचे आहेत. एककाचा हा प्रश्न पुढें फार महत्त्वाचा ठरतो, म्हणून तो येथेंच नोंदून ठेवितों.

१३ नोव्हेंबर २०१३ रोजीं केंद्र सरकारनें पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाच्या पांचव्या कलमाखालीं निर्देश काढून या ५९,९४० चौरस किलोमीटरांत नव्या खाणी, दगडखाणी, वाळूचा उपसा, औष्णिक वीजकेंद्रें, अतिप्रदूषक कारखाने व २०,००० चौरस मीटरांवरील बांधकामें यांस मनाई केली. तेव्हां मसुद्यांच्या मागें कांहींच अंमल नव्हता असें म्हणणें सत्यास धरून होणार नाहीं. परंतु निर्देश हा तात्पुरता हुकूम होय. कायमचा निवाडा अधिसूचनेनेंच व्हावयाचा होता.

२

त्या अधिसूचनेचे मसुदे पुढील तारखांस निघाले: पहिला १० मार्च २०१४, दुसरा ४ सप्टेंबर २०१५, तिसरा २७ फेब्रुवारी २०१७, चवथा ३ ऑक्टोबर २०१८, पांचवा ६ जुलै २०२२, सहावा ३१ जुलै २०२४. तारखांचीं अंतरें पाहतां त्यांचें कारण ध्यानांत येतें. मसुदा प्रसिद्ध झाल्यावर ६० दिवसांत हरकती घ्याव्या व ठराविक दिवसांत अंतिम अधिसूचना काढावी, असा नियम आहे. ही मुदत आरंभीं ५४५ दिवसांची होती, पुढें ७२५ दिवसांची झाली. मुदत भरतांच मसुदा आपोआप मरतो. पहिल्या मसुद्यापासून ५४५ दिवस मोजले असतां ६ सप्टेंबर २०१५ ही तारीख येते; दुसरा मसुदा तिच्या दोनच दिवस आधीं निघाला. चवथ्या मसुद्याची मुदत महामारीच्या काळांत वाढविण्यांत आली, म्हणून तेथें अंतर मोठें दिसतें. म्हणजे नवा मसुदा निघण्याचें कारण नवी माहिती किंवा नवा विचार हें नसून जुन्याचें आयुष्य सरलें, एवढेंच बहुतेक वेळां होतें.

आतां पाठभेद पाहूं. निर्देशांतील ५९,९४० हा आंकडा पहिल्या मसुद्यांत ५६,८२५ वर आला. हा सर्व फरक एका केरळाच्या सदरांतील आहे: तेथें १३,१०८ च्या जागीं ९,९९३.७ चौरस किलोमीटर पडले. केरळ सरकारनें ऊमेन व्ही. ऊमेन यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमून गांवोगांव पाहणी करविली व वस्ती आणि मळे वगळून नवे आंकडे केंद्राकडे धाडले. पाठसंशोधनांत आपण पाहतों कीं, प्रत्येक पाठभेद हा भ्रष्ट पाठ नसतो. कांहीं पाठभेद ही शुद्धि असते. उपग्रहाच्या चित्रांत २४ मीटरांचा एक ठिपका. रबराचा मळा व रान यांचा भेद त्यांत चुकूं शकतो. तेव्हां पायांनीं फिरून केलेली पाहणी ही रीत म्हणून योग्यच होय. मात्र एका राज्याचा पाठ पाहणीनें सुधारावयाचा आणि पांच राज्यांचा पाठ आकाशांतून पाहिलेलाच ठेवावयाचा, असा संमिश्र पाठ कोणताही संपादक प्रमाण मानणार नाहीं.

पहिल्यापासून सहाव्या मसुद्यापर्यंत मग काय बदललें? क्षेत्राच्या आंकड्यांपुरतें पाहिलें तर कांहींच नाहीं. सहाव्या मसुद्यांत कर्नाटक २०,६६८, महाराष्ट्र १७,३४०, केरळ ९,९९३.७, तामिळनाडू ६,९१४, गोवा १,४६१ व गुजरात ४४९, एकूण ५६,८२५.७ चौरस किलोमीटर. पहिल्या मसुद्याची बेरीजही तीच. मधल्या दहा वर्षांत हजारों हरकती आल्या, राज्यांचीं शिष्टमंडळें दिल्लीस गेलीं, एप्रिल २०२२ मध्यें संजय कुमार यांच्या अध्यक्षतेखालीं आणखी एक समिति बसली. या सर्वांचा मसुद्याच्या बेरजेवर एक रेघेचाही संस्कार उमटला नाहीं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २४ ऑगस्ट २०१८ रोजीं क्षेत्र घटविणारा बदल करूं नये व सहा महिन्यांत काम संपवावें असें सांगितलें होतें. क्षेत्र न घटण्याचें तें एक कारण असेल. परंतु सहा महिन्यांची आज्ञा तर पाळली गेली नाहीं. एवंच, हे सहा मसुदे नसून एका मसुद्याच्या पांच नकला आहेत असें आम्हांस म्हणावें लागतें.

सहाव्या मसुद्याविषयीं एक गैरसमज दूर केला पाहिजे. वायनाडमधील मुंडक्कै व चूरलमला येथें दरड कोसळून शेंकडों माणसें गेलीं तो दिवस ३० जुलै २०२४. मसुद्याची तारीख दुसऱ्या दिवसाची. यावरून अनेकांनीं असें लिहिलें कीं, त्या संकटानें सरकारास जागें केलें. सहा राज्यांच्या गांवांची यादी एका रात्रींत होत नसते. पांचव्या मसुद्याची मुदत ३० जून २०२४ रोजीं सरली होती, सहावा निघणें प्राप्तच होतें. तारखांच्या शेजारावरून कार्यकारणभाव जोडण्याचा मोह आपल्या क्षेत्रांतही पुष्कळांस होतो, म्हणून हें मुद्दाम सांगितलें.

३

ज्यांनीं मोडी कागद हाताळले आहेत त्यांस मसुदा व पत्र यांतील भेद सांगावयास नको. शिवकालीन पत्राच्या शेवटीं ‘मर्यादेयं विराजते’ हें मोर्तब असलें म्हणजे लेखनाची सीमा झाली. त्यापुढें कोणी अक्षर घालूं नये, व त्याअलीकडचें कोणीं नाकारूं नये. पाठीवर बारनिशीची नोंद पडली म्हणजे तें पत्र दप्तरांतून बाहेर गेलें. मोर्तब नाहीं, बार नाहीं, असा कागद कितीही सुवाच्य असला तरी त्यावरून हुकूम अंमलांत आला असें आपण लिहीत नाहीं. फार तर, असा विचार चालला होता, इतकेंच लिहितों.

हीच कसोटी लावली असतां, २०१४ ते २०२४ या काळाच्या भावी इतिहासकारास एवढेंच लिहितां येईल कीं, सह्याद्रीच्या रक्षणाचा विचार सहा वेळां चालला होता. आणि मोर्तब न होण्याची हानि एकाच पक्षाची झाली नाहीं. ज्यांस डोंगर राखावयाचा होता त्यांस कायमचें राखण मिळालें नाहीं. ज्या शेतकऱ्यास आपल्या जमिनींत काय करतां येईल हें जाणावयाचें होतें त्यास उत्तर मिळालें नाहीं. खाणी चालू असल्यास त्या पांच वर्षांत बंद करीत जावयाच्या अशी तरतूद मसुद्यांत आहे; पण हीं पांच वर्षें मोजावयाचीं अंतिम अधिसूचनेपासून. म्हणजे मोर्तब एक वर्ष लांबलें कीं खाणीचें आयुष्य एक वर्ष वाढलें. अनिर्णयाचा लाभ कोणास झाला हें यावरून उघड आहे.

४

आतां एककाचा प्रश्न. मसुद्याचें खरें अंग म्हणजे त्यास जोडलेली गांवांची यादी. ही यादी महसुली गांवांची आहे. महसुली गांव हें सारा ठरविण्यासाठीं व हिशेबासाठीं बनलेलें एकक; इंग्रजी अमदानींत १८३५ नंतर गोल्डस्मिड व विंगेट यांच्या पद्धतीनें जी पाहणी झाली तिनें त्यास नंबर, नकाशा व शीव यांचें आजचें रूप दिलें. परंतु घाटांत माणसें राहतात तीं मौज्यांत थोडीं आणि वाड्या, कोंड व पाडे यांत पुष्कळ. आपल्या कागदांत मौजे, मजरे व वाडी हे शब्द निरनिराळे येतात ते उगाच नव्हेत.

याचा परिणाम काय होतो तो गेल्या कांहीं वर्षांच्या दुर्घटनांवरून पाहावा. ३० जुलै २०१४ रोजीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण दरडीखालीं गेलें व दीडशेंवर माणसें दगावलीं. २२ जुलै २०२१ रोजीं महाड तालुक्यांतील तळिये येथें जी वस्ती गडप झाली ती कोंडाळकरवाडी. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांत इर्शाळगडाच्या कुशींतली ठाकरांची इर्शाळवाडी गेली. २७ प्रेतें सांपडलीं, ५७ माणसें बेपत्ता राहिलीं. या वाडीचें नांव दरडप्रवण ठिकाणांच्या यादींत नव्हतें, असें सरकारनें दुसऱ्या दिवशीं विधानसभेंत सांगितलें. ती यादी निराळी व संवेदनशील क्षेत्राची यादी निराळी, हें आम्ही जाणतों. परंतु दोहोंचा दोष एकच आहे. यादी जेव्हां गांवाच्या नांवानें किंवा थोड्याशा निवडक ठिकाणांच्या नांवानें होते तेव्हां वाडी तिच्यांतून गळून पडते. ११ जुलै २०२५ रोजीं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची नोंद जागतिक वारशांत झाली याचा आम्हां सर्वांस आनंद आहे. गडाचें नांव जगाच्या यादींत चढावें आणि गडांच्या कुशींतल्या वाड्यांचीं नांवें तालुक्याच्या यादींतही नसावीं, ही गोष्ट मात्र आनंदास उणेपणा आणणारी आहे.

जुन्या सनदांचा लेखक या बाबतींत अधिक सावध होता. देणगी द्यावयाची ती चतुःसीमा सांगून. ओढा, झाड, धोंडा, वाट यांचा उल्लेख करून. जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण हीं निरनिराळीं मोजून. हें तो निसर्गाच्या प्रेमानें करीत होता असें नव्हे. पुढें तंटा होऊं नये म्हणून करीत होता. आजच्या मसुद्यासही तंटाच टाळावयाचा आहे. गांवाच्या २० टक्के भागाकरितां सबंध गांव धरण्याऐवजीं सर्व्हे नंबरवार शीव सांगितली असती, कोणता उतार राखावयाचा, कोणतें वरकस, कोणतें भात, वाडी कोठें, हें लिहिलें असतें, तर निम्म्या हरकती उद्भवल्याच नसत्या.

५

दुसरी मोठी उणीव जमाखर्चाची. पेशवाईंत एखाद्या महालाचा बेहडा ठरला कीं त्यांत जमा किती, खर्च किती, नेमणुका कोणाच्या, हें मांडलें जाई; वर्षअखेर ताळेबंद होऊन तो बेहड्याशीं ताडून पाहत. या सहा मसुद्यांस बेहडा नाहीं. संवेदनशील क्षेत्रांत काय करूं नये याचीं कलमें आहेत. तें न केल्यानें ज्याचें उत्पन्न बुडेल त्यास काय द्यावयाचें, कोणत्या शीर्षाखालीं, केंद्रानें किती व राज्यानें किती, याचें कलम नाहीं. कस्तुरीरंगन गटानें आपल्या अहवालांत स्वतंत्र निधीची शिफारस केली होती; मसुद्यांनीं अहवालांतून यादी घेतली, निधि घेतला नाहीं.

यावर असें उत्तर देतात कीं, वन राखणाऱ्या राज्यांस वित्त आयोगाच्या वांटपांत अधिक हिस्सा मिळतो. तें खरें आहे. चौदाव्या आयोगानें वनाच्छादनास साडेसात टक्के भार दिला, पंधराव्यानें वन व पर्यावरणास दहा टक्के दिला. परंतु हा पैसा राज्याच्या खजिन्यांत पडतो आणि तेथें सर्व जमेंत मिसळून जातो. ज्या गांवानें डोंगर राखला त्या गांवाच्या नांवें तो उतरत नाहीं. राखण गांवाची व जमा राज्याची, अशी ही व्यवस्था आहे. तिच्यांत राज्यानें वन राखण्याची व गांवानें तें न राखण्याची इच्छा धरावी, हें हिशेबानेंच सिद्ध आहे.

या जागीं आपल्या दप्तरांतील एका पद्धतीची आठवण होते. पडीक जमीन लागवडीस आणावयाची असली म्हणजे सरकार नुसती आज्ञा करीत नसे, कौल देई. पहिल्या वर्षीं सारा थोडा, पुढें वर्षावर्षानें चढता, असा इस्तावा बांधून देई, आणि ठरल्यापेक्षां अधिक घेणार नाहीं असें अभयवचन देई. जमिनीचा वापर बदलणें हें कुणब्याच्या दृष्टीनें जोखमीचें काम आहे व तिचा कांहीं भार सरकारनें उचलावा, हें तत्त्व त्यांत होतें. आज सरकारास उलट बदल हवा आहे: उतार फोडूं नये, रान राहूं द्यावें. दिशा उलटी झाली तरी जोखीम तीच आहे. तेव्हां घाटांतील गांवांस आज्ञेबरोबर कौलही पाहिजे. किती वर्षें, किती रक्कम, कोणत्या अटीवर, हें लिहून. महाराष्ट्र व गोवा यांस असा कौल आपल्या अंदाजपत्रकांतून देण्यास केंद्राच्या मोर्तबाची वाट पाहण्याचें कारण नाहीं.

६

इतिहासाचा आधार देतांना मात्र सावधगिरी ठेविली पाहिजे. या विषयावर बोलतांना आंबे-फणसांचीं झाडें रयतेच्या राजीखुषीवांचून तोडूं नयेत, हा आज्ञापत्रांतील उपदेश वारंवार सांगितला जातो व तो शिवाजीमहाराजांचें पत्र म्हणून सांगितला जातो. आज्ञापत्र हें रामचंद्रपंत अमात्यांचें, इ. स. १७१५-१६ च्या सुमाराचें, कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या कारकीर्दींतलें आहे. तो उतारा आरमाराच्या प्रकरणांतला आहे. जहाजांस लांकूड कोठून आणावें, हा तेथील प्रश्न. आणि आज्ञापत्र हा नीतीचा ग्रंथ होय, अंमलाचा पुरावा नव्हे. त्यावरून जुनें राज्य वनरक्षक होतें असें ठरविणें चुकीचें. तें राज्य लागवड वाढविण्याच्याच खटपटींत असे, हें कौलांवरूनच दिसतें. त्या उताऱ्यांत खरें मोलाचें असें जें आहे तें निराळेंच: झाड घेणें अगदीं अवश्य झालें तर धन्यास द्रव्य देऊन संतुष्ट करून घ्यावें, ही अट. आजचे वक्ते उताऱ्याचा पूर्वार्ध सांगतात व ही अट गाळतात. मसुद्यांतही तीच गळाली आहे.

७

राहतां राहिले राज्यांचे निर्णय. कर्नाटकाच्या मंत्रिमंडळानें सप्टेंबर २०२४ मध्यें कस्तुरीरंगन अहवाल सबंध फेटाळला. हा निर्णय आम्हांस मान्य नाहीं. तथापि तो निर्णय आहे, त्यास तारीख आहे, त्याची जबाबदारी कोणावर हें सांगतां येतें. केरळानें पाहणी करून आपला पाठ दिला. महाराष्ट्रानें कांहीं गांवें वगळण्याची मागणी केली; परंतु अमुक गांव अमुक कारणानें वगळावें असा कारणांसह गांववार कागद लोकांपुढें ठेवून ती केली असती तर तिचें परीक्षण करतां आलें असतें. कारखान्याकरितां वगळावयाचें गांव व खाणीकरितां वगळावयाचें गांव यांत भेद आहे, आणि चुकून पडलेलें गांव त्या दोहोंहून निराळें. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्याची गोष्ट तर न्यायालयापर्यंत गेली; मुंबई उच्च न्यायालयानें २२ मार्च २०२४ रोजीं तेथील २५ गांवें संवेदनशील म्हणून जाहीर करण्याची प्रक्रिया चार महिन्यांत पुरी करावी असें फर्माविलें. जें काम राज्यानें आपण होऊन करावयाचें तें न्यायालयाच्या मुदतीनें करावें लागावें, हें भूषणावह नाहीं.

विरोध करणाऱ्या गांवकऱ्यांस अडाणी म्हणण्याची जी चाल पडली आहे ती आम्हांस पसंत नाहीं. ज्या कागदांत आपल्या घराची शीव दिसत नाहीं, आपल्या वाडीचें नांव नाहीं, आणि देणें-घेणें लिहिलेलें नाहीं, त्या कागदावर सही करण्यास शहाणा मनुष्य कचरतोच. आमच्या मतें या मसुद्यांत तीन सुधारणा अवश्य आहेत. यादी सर्व्हे नंबरवार व वाडीवार असावी. तिजबरोबर वर्षावर्षाचा बेहडा जोडावा. आणि राज्यानें मान्य अथवा अमान्य असा कारणांसह निवाडा तारीख घालून द्यावा, म्हणजे मोर्तब लांबविण्यास निमित्त उरणार नाहीं.

आमच्या वाचकांसही या कामीं कांहीं करतां येण्याजोगें आहे. घाटमाथ्याच्या व तळकोंकणच्या गांवांच्या कैफियती, चकबंदीचे कागद, शिवेच्या तंट्यांचे महजर, जुने गांवनकाशे, खोती दप्तरें हीं अनेकांच्या संग्रहीं आहेत. कोणता ओढा कोठून वाहत होता, कोणता उतार कधीं फुटला, कोणती वाडी केव्हां व कोठून उठून आली, याची साक्ष उपग्रहाच्या चित्रांत नाहीं. ती या कागदांत आहे. अशा कागदांची तालुकावार यादी, निदान मुळशी, महाड, खालापूर, आंबेगांव व दोडामार्ग या तालुक्यांपुरती, जे कोणी करून धाडतील ती या त्रैमासिकांत छापावी अशी आम्ही चालकांस विनंति करितों. सरकारी पाहणीदार पुढच्या वेळीं डोंगर चढेल तेव्हां त्याच्या हातीं ही यादी असावी.